व्यंकटरावांचा द्राक्ष अभ्यास दौरा

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरा नंबर मिळाला आणि आमच्या घरात एक मोठा फरक पडला. सगळ्यांचे फोन माझ्याकडे आले. गॅसवाल्याला फोन, बँकेत फोन, हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची आवक विचारायला फोन, जिकडंतिकडं "पुने, तू बोल" सुरू झालं. आधी पाहुणे आले की मी आत पळायची. आता मी इतकी बोलते की पाहुण्यांनाच पळावंसं वाटतं.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी व्यंकटकाकांनी मला हळूच गोठ्यामागं बोलावलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांनी तीनदा मागं वळून पाहिलं याचं.

"पुने, एक अभ्यास दौरा आखायचाय. नाशिकला."

"कशाचा अभ्यास?"

"द्राक्षाचा."

मी म्हशीकडं पाहिलं. म्हशीलाही पटलेलं दिसत नव्हतं.

व्यंकटकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. डोंगरकड्याच्या हळद उत्पादक गटाचे अध्यक्ष. त्यांचा द्राक्षाशी संबंध एवढाच, की घरामागच्या दहा गुंठ्यांतल्या द्राक्षवेली येत्या उन्हाळ्यात उपटून तिथं हळद लावायची, असं ते दिवाळीपासून रोज जेवताना सांगत होते.

त्या वेली शालूकाकूच्या. काकूचं माहेर तुळजापूरकडचं, तिकडं द्राक्षं होतात. सहा वर्षांपूर्वी तिथल्या कुठल्यातरी जुन्या बांधावरून तिनं काड्या आणल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून. दीडशे वेली तिनं एकटीनं जगवल्या. मांडव तिचा, छाटणी तिची, फवारणी तिची. जमीनसुद्धा तिच्या नावावर आहे, कारण कुठल्याशा योजनेत बाईच्या नावानं सातबारा असला की फायदा होतो असं काकांनी ऐकलं होतं. फायदा झाला नाही. नाव तेवढं राहिलं.

फक्त द्राक्षं विचित्र. बारीक, काळी, जाड सालीची, बियांनी भरलेली. गोड म्हणावीत तर तोंड आंबट होतं आणि आंबट म्हणावीत तर शेवटी जिभेवर काहीतरी छान राहतं. बाजारात कोण घेणार? बायका एक मणी तोंडात टाकून म्हणायच्या, "शालूबाई, ही द्राक्षं हायेत का करवंदं?" काकू मला एकदा म्हणाली होती, "पुने, मला एवढंच कळाया पाहिजे की ही जात कोणती. नाव न्हाई तर मी इकू काय म्हणून? उपटायचीच असली तर उपटू दे. पर काय उपटलं ते तर कळू दे."

तर काकांना द्राक्षाचा अभ्यास का सुचला, हे मला संध्याकाळी सोमेश्वरकाकांच्या दुकानात कळलं. सोमेश्वरकाका म्हणजे काकांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. तिथं युरियाच्या पोत्यांवर गटाची कार्यकारिणी बसली होती. काका, सोमेश्वरकाका, क्रूझर जीपवाला प्रमोददादा आणि आणखी दोघं. पाचही जणांनी मिळून मला एक रील दाखवलं. हिरवेगार मळे, पांढरं मेजपोश, एक माणूस काचेचा ग्लास गोल गोल फिरवतो, नाक आत घालतो आणि डोळे मिटतो.

"हे बघून राहिली का?" सोमेश्वरकाका म्हणाले. "हे आपल्याच राज्यात हाय. लोक फॉरेनहून येऊन राहिले अन् आपण साडेचारशे किलोमीटरवर ऱ्हाऊन बघितलं न्हाई. शरमेची गोष्ट हाय."

"म्हणजे वाइन प्यायला जायचंय?" मी विचारलं.

पाचही जण एकदम खोकले. प्रमोददादानं उठून शटर अर्धं खाली ओढलं.

"प्यायला नव्हं," काका म्हणाले. "प्रक्रिया उद्योग बघायला. शेतमालावर प्रक्रिया. मंग त्यात कोणी म्हणलं बाबा चव बघा, तर न्हाई म्हणणं बराबर दिसत न्हाई."

"पाव्हणचार हाय तो," सोमेश्वरकाका म्हणाले.

यातल्या तिघांच्या गळ्यात माळ आहे. गावात कुणी त्यांना साधा सोडा पिताना पाहिलं तरी बाटलीवरचं लेबल वाचतील. म्हणून दौरा हवा होता, गटाच्या नावानं हवा होता आणि कागदावर हवा होता. "असं पत्र लिही," काका म्हणाले, "की कोणाला शंकाच आली न्हाई पाहिजे."

आता पत्रलेखन म्हणजे माझा हातखंडा. मी दिंडोरीकडची एक वायनरी शोधली, नंबर काढला आणि असं पत्र लिहिलं की आमच्या मराठीच्या बाईंनी ते फळ्यावर लावलं असतं. "प्रति, माननीय व्यवस्थापक" पासून सुरुवात. मराठवाड्याच्या मातीत द्राक्षक्रांती घडवण्याची तळमळ. मुळांचा, मातीचा, छाटणीचा सखोल अभ्यास करण्याची इच्छा. आणि शंकेचा प्रश्नच मिटावा म्हणून शेवटी: "आमचा गट पूर्णतः निर्व्यसनी असून मद्यपानाशी आमचा दुरान्वयेही संबंध नाही, याची कृपया नोंद घ्यावी."

काकांनी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले त्यांचे. स्वतःबद्दल इतकं चांगलं त्यांनी कधी वाचलं नव्हतं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी सांगितली नव्हती. पत्राचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

तासाभरात एकशे बारा अंगठे आले. सप्त्यातल्या महाराजांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सरपंच पद्माबाईंनी लिहिलं, गटाचा आदर्श तरुणांनी घ्यावा, दौऱ्याला निघण्याआधी ग्रामपंचायतीतर्फे शाल-श्रीफळ देऊन सत्कार. आमच्याकडं कुणी गावाबाहेर काहीतरी शिकायला निघालं की आधी सत्कार होतो. परत आल्यावर काय शिकलात, हे शक्यतो कुणी विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी वायनरीतून फोन आला. मी स्पीकरवर टाकला. पाचही जण पोत्यांवरून पुढं सरकले.

"मी रीता बोलतेय," गोड आवाज आला. "तुमचं पत्र वाचून आमचे साहेब फार खूश झालेत. आमच्याकडे येतात ते सगळे प्यायलाच येतात हो. मुळांबद्दल विचारणारं पहिलंच पत्र. तुमची भेट आम्ही शेतकरी विभागात घेतलीय. सकाळी सातला सुरू. आधी छाटणी, मग माती, मग दीड तास बुरशीजन्य रोगांवर व्याख्यान. चहा-पोहे आमच्याकडून."

काकांनी मला खुणा केल्या. मी न समजल्यासारखं केलं, कारण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"म्याडम," काका घसा खाकरून म्हणाले, "अन् ते... चवीचं कसं हाय?"

"तो पर्यटकांचा विभाग. शेतकरी गटांना तिथं नेत नाही. आणि तुमच्या पत्रात तर स्पष्ट लिहिलंय. काळजी करू नका, त्या बाजूला तुम्हाला फिरकूसुद्धा देणार नाही."

"लई उपकार झाले," सोमेश्वरकाका पुटपुटले.

"फक्त एक आहे. गटात निदान एक तरी द्राक्ष लावणारा हवा. सातबाऱ्यावर द्राक्षाची नोंद पाहिजे आणि तो खातेदार स्वतः हजर पाहिजे, आधार कार्ड घेऊन. नाहीतर कुणीही येतं हो, शेतकरी म्हणून."

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ युरियाच्या पोत्यावरची अक्षरं वाचत बसले. पाचही जणांच्या सातबाऱ्यावर हळद, सोयाबीन, हरभरा.

"एक नोंद आहे," मी म्हणाले. "मीच केलीय. ई-पीक पाहणी करायला वेलींमध्ये उभं राहून फोटो काढला होता. पीक द्राक्ष, क्षेत्र दहा गुंठे, खातेदार शालूबाई व्यंकटराव."

"तिचा सातबारा घेऊन जाऊ की मंग," काका म्हणाले. "तिला काहून न्यायचं?"

"स्वतः हजर, आधार कार्ड घेऊन," मी म्हणाले.

सोमेश्वरकाकांनी दुसरा मार्ग काढला. ही वायनरी सोडा, दुसरीकडं गुपचूप पर्यटक म्हणून जाऊ. त्यावर प्रमोददादानं फोन पुढं केला. कुठल्याशा साप्ताहिकात बातमी आली होती, पाचही जणांच्या फोटोसकट: 'निर्व्यसनी गटाची द्राक्षभरारी.' आता हे पाच चेहरे कुठल्याही काउंटरवर ग्लास घेऊन उभे राहिले असते तरी फोटो आमच्या ग्रुपवर आधी पोचला असता.

"करून ठेवलं ना पोरीनं," सोमेश्वरकाका म्हणाले.

"चांगलं लिही म्हणाला होतात," मी म्हणाले.

काकूला मी रात्रीच्या भाकरी थापताना सांगितलं. तिचा हात तव्यावर तसाच थांबला.

"मला? नाशिकला?"

"तुझ्याशिवाय गाडीच जात नाही."

भाकरी करपली, जी काकूच्या हातून करपत नाही. मग म्हणाली, "पुने, त्या म्याडमला फोटो धाडता येतील का गं? पानाचे, घडाचे?"

सकाळी आम्ही दोघी वेलींत गेलो. तिनं पान उलटं धरलं, सुलटं धरलं, घड कापून मणी फोडला, बिया तळहातावर घेतल्या. मी सतरा फोटो पाठवले. दुपारी रीता मॅडमचा फोन आला. मी अंगणात स्पीकर लावला. काका बाजेवर पडले होते, झोपलेले नव्हते.

"साहेबांनी फोटो पाहिले. ते म्हणतात ही खायची द्राक्षं नव्हेतच, बहुतेक रसाची, वाइनची एखादी जुनी जात असावी. पण फोटोवरून नक्की सांगता येत नाही. घड, पानं, एक काडी घेऊन या. आणि शालूताई, तुम्हाला आमच्या चार-पाच जातींची चव घ्यावी लागेल बरं का. स्वतःचा मणी चाखायचा, मग वाइन चाखायची, कशाशी जुळते ते बघायचं. द्राक्ष लावणाऱ्याला ते करावंच लागतं."

बाज कुरकुरली. काका उठून बसले होते.

"म्हंजी मला प्यावी लागंल?" काकू घाबरली.

"प्यायची नाही हो. तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. चाखणारे सगळे थुंकतातच."

ही बातमी सोमेश्वरकाकांच्या दुकानात पोचली तेव्हा तिथं सुतक पडल्यासारखं झालं. "थुंकायची?" ते म्हणाले. "साडेचारशे किलोमीटर जाऊन थुंकायची? थुंकायला गावात जागा न्हाई का?" त्याच संध्याकाळी त्यांची कंबर धरली. दुसऱ्याच्या हळदीला अचानक पाणी द्यायचं निघालं. तिसऱ्याची सासू आजारी पडली. ती आमच्याच गल्लीत राहते आणि त्या वेळी नळावर भांडत होती.

राहिले काका आणि जीप चालवायला प्रमोददादा. रिकाम्या जागा एका दिवसात भरल्या. काकूच्या बचत गटातल्या सखुबाई, जनकाबाई आणि आणखी दोघी म्हणाल्या, आमी बी बघू की मुळं. मला मात्र कुणी विचारलं नाही. मीच स्वतःला घेतलं, फलक वाचून दाखवायला कुणीतरी लागतं म्हणून.

काका हे सगळं बघत होते. मला वाटलं विरघळले. पण सत्काराच्या आदल्या दिवशी त्यांनी काकूला सांगितलेलं मी ऐकलं. "जाऊन येऊ. गावात बोभाटा झालाय तर जावं लागंल. पर तिथं ते नाव सांगोत, गाव सांगोत, उन्हाळ्यात त्या वेली निघणार. दहा गुंठ्यांत हळद येतीया. करवंदं न्हाई पाहिजेत मला."

काकू म्हणाली, "बरं."

तिचं ते "बरं" मला फार लागलं. सहा वर्षं ती त्या मांडवाखाली वाकून उभी राहिली आणि सहा वर्षांचं उत्तर दोन अक्षरं. मी वरच्या खोलीत गेले. तिथं माझं अर्धं काम तयार पडलं होतं, कारण सत्काराला उत्तर द्यायचं काकांचं भाषण अर्थातच मीच लिहीत होते.

काकांची भाषण करायची पद्धत मला पाठ आहे. ते आधी वाचत नाहीत. चष्मा माईकसमोर गेल्यावर लावतात. आणि एकदा वाचायला लागले की कागद संपेपर्यंत थांबत नाहीत, मध्ये टाळ्या पडल्या तर आवाज चढवतात. मागच्या वर्षी झेंडावंदनाला त्यांनी कागदाखाली लिहिलेली किराणाची यादीसुद्धा अर्धी वाचली होती.

ग्रामपंचायतीसमोर सतरंजी अंथरली होती. शाल झाली, श्रीफळ झालं. पद्माबाईंनी कौतुक केलं. महाराज पुढच्या रांगेत होते. काकांनी चष्मा लावला.

सुरुवात छान गेली. मातीचं ऋण, तरुणांना संदेश. दुसऱ्या पानावर ते म्हणाले, "मित्रहो, या क्रांतीची सुरुवात माझ्याच घरामागं झाली आहे. माझी पत्नी सौभाग्यवती शालूबाई हिनं सहा वर्षं एकटीनं दीडशे वेली जगवल्या." बायकांच्या बाजूनं टाळ्या आल्या. काकांचा आवाज चढला. "मी आज महाराजांच्या साक्षीनं शब्द देतो! जातीचं नाव कळो अथवा न कळो! पुढची तीन वर्षं त्या वेलींतली एकही वेल..." इथं त्यांचे डोळे कागदावर पुढं गेले असावेत. पण तोंड थांबलं नाही, त्यांचं कधीच थांबत नाही. "...एकही वेल उपटली जाणार नाही."

टाळ्याच टाळ्या. महाराजांनी उठून आणखी एक हार घातला.

काकूनं पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती की हसत होती हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर सखुबाई म्हणाल्या, दोन्ही.

काकांनी मला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "पुने, हे मी कवा म्हणलो?"

"आत्ताच. माईकवर."

"हे माझ्या मनात नव्हतं."

"मग तुम्ही फारच मनापासून बोललात, काका. सगळे तसंच म्हणून राहिले."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता एक बसणार. एवढ्यात महाराज आले, त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "व्यंकटराव, बाईचं नाव घेतलं तुमी भर सभेत. मोठं मन लागतं." काकांनी मान खाली घातली. मोठं मन असलेल्या माणसाला पुतणीच्या कानाखाली मारता येत नाही.

वायनरीत सकाळी सातला पोचायचं म्हणून आदल्या दिवशीच पहाटे पाचला क्रूझर निघाली. पुढच्या सीटवर काकू, मांडीवर घडांचा डबा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी. मधल्या सीटवर बचत गट. मागं सामानाच्या पिशव्यांत मी आणि काका. औंढ्यानंतर काका हळूच माझ्या कानाशी आले.

"पुने, त्या चवीच्या खोलीत बाई एकटीच जाणार का? बरं दिसत न्हाई ते. परका मुलूख हाय. सोबतीला कोणी पाहिजे."

"मी आहेच की."

"तू लहान हायेस. तुला आत सोडणार न्हाईत. इचार त्या म्याडमला, नवऱ्याला येता येतं का."

आठ वाजता, जिंतूरला चहा घेताना, मी फोन लावला. रीता मॅडम म्हणाल्या, "येऊ दे की, नवरा-बायको दोघंही वेली सांभाळत असतील तर हरकत नाही. फक्त साहेब आधी प्रश्न विचारतात. छाटणी कधी केली, फवारणी कशाची, मण्यात गोडी कधी भरते. एवढं सांगता आलं म्हणजे झालं."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. सहा वर्षांत ते त्या मांडवाखाली एकदाच गेले होते, सुटलेल्या वासरामागं.

गाडी सुटली तेव्हा मागच्या सीटवर मी आणि जनकाबाई होतो. काका मधल्या सीटवर, काकूच्या बरोबर पाठीमागं, पुढं वाकून बसलेले.

"फळछाटणी कवा केली?" काकूनं रस्त्याकडं बघतच विचारलं.

"दसऱ्याला."

"दसऱ्याच्या आठ दिस आधी. का?"

"का म्हंजी? तू केली म्हणून."

बचत गट हसला. काकू हसली नाही. "असं सांगितलं तर भाईर बसवतील तुमाला, पोहे देऊन. पुन्ना सांगते, ध्यान देऊन ऐका. काडी पेन्सिलीएवढी जाड झाली, की डोळे मोजायचे..."

मंठा गेलं, जालना गेलं. जालन्याच्या पुलावर काका भुरी आणि केवडा या दोन रोगांत पुन्हा चुकले आणि काकूनं त्यांना पहिल्या ओळीपासून सुरू करायला लावलं. त्यांनी वहीचं पान मागितलं. मी माझ्या विज्ञानाच्या वहीचं शेवटचं पान फाडून दिलं. काका गुडघ्यावर ते ठेवून लिहायला लागले, जीभ बाहेर काढून, आणि गचका बसला की प्रमोददादाला म्हणायचे, "हळू घे रे, हितं अभ्यास चाललाय."